लुपेच्या दारातलं पाणी

बेलग्रेव्ह रोडवर लुपे मला पहिल्यांदा दिसली ती झेंडूच्या करंडीत नाक खुपसून उभी असलेली. दिवाळी तोंडावर आली होती. लेस्टरमधल्या त्या रस्त्यावर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या आणि फुलवाल्या गुजराती बेन तिच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. देवाला वाहायची फुलं कुणी हुंगतं का? ही बाई मात्र एकेक फूल उचलून, पाकळी बोटांत चुरून वास घेत होती आणि नापसंतीनं मान हलवत होती. प्रकरण वाढू नये म्हणून मी मध्ये पडले. ही फुलं देवासाठी असतात, त्यामुळे यांना आवडत नाही, असं तिला इंग्रजीत सांगितलं.

ती म्हणाली, तिला देवासाठी नकोतच, आजीसाठी हवीत. आजीला आता डोळ्यांनी दिसत नाही, तिला वासावरून यावं लागतं.

मला वाटलं, म्हातारी आंधळी असेल. तुमच्याकडेच राहते का, म्हणून विचारलं. नाही, म्हणाली, वर्षातून एकदा येते, नोव्हेंबरात. लांबून येते, मेक्सिकोहून. मग सुट्टे पैसे शोधता शोधता, अगदी सहज, पुढे म्हणाली, “ती मेली तेव्हा मी शाळेत होते.”

तिनं सगळी करंडीच उचलली. जाता जाता बेनना एवढंही सांगून गेली, की ही फुलं मुळात तुमची नाहीतच, आमच्याकडून इकडे आलीत. बेन तो दिवसभर धुमसत असणार. पुढे मी वाचलं तर ते खरं निघालं, पण बेनना सांगायची माझी छाती झाली नाही.

दोन हजार तीन-चारचं साल असेल. त्याच आठवड्यात ती मला पुन्हा दिसली, आणि तीही माझ्याच शाळेत. मी तिथल्या प्राथमिक वर्गांवर टीचिंग असिस्टंट होते, आणि ही मातीकाम शिकवायला नवीन आली होती. बुटकी, रुंद खांद्यांची, पाठीवर जाडजूड वेणी. अंगात नवऱ्याचं जुनं कार्डिगन, बाह्या दुमडलेल्या, नखांत कायमची माती. नवरा कॉलिन इंग्रज, भूगोलाचा प्राध्यापक. तो तिला मेक्सिकोतल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावात, वाहाका प्रांताच्या बाजूला, नकाशे करायला गेला असताना भेटला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. माझं नाव वैशाली, पण तिच्या जिभेवर ‘व’ बसत नसे. तिच्या लेखी मी ‘बैशाली’ झाले ती कायमची.

तिच्या बोलण्याची सवय व्हायला वेळ लागला. मेलेल्या माणसांबद्दल ती वर्तमानकाळात बोलायची. आजीला कांदा चालत नाही. वडील फार हट्टी आहेत, दर वेळी तीच बिअर मागतात. शेजारची दोन्या चोले वेळ पाळत नाही, सगळे जेवून झाल्यावर येते. स्टाफरूममध्ये लोक चहाचे कप घेऊन हळूच दुसऱ्या कोपऱ्यात सरकत. मुलांना मात्र ती भयंकर आवडे. ‘पास्ड अवे’ म्हटलेलं तिला खपत नसे. आणि एखादीनं “वुई लॉस्ट हर लास्ट इयर” असं म्हटलं की लुपेचा चेहरा कडक व्हायचा. “हरवली नाही. मेली,” ती म्हणायची. “हरवणं वेगळं असतं.” माणसं दुखावायची. मलाही ते तेव्हा उद्धटपणाचंच वाटलं होतं.

त्या वर्षी तिनं आर्टरूममध्ये मुलांना घेऊन तिच्या देशातल्या मेलेल्यांच्या सणाची वेदी मांडली. खोक्यांवर खोकी रचून पायऱ्या केल्या, वर भरतकामाचं कापड, त्यावर झेंडू, मेणबत्त्या, मिठाची वाटी, पाण्याचे पेले. लांबून येतात, तहानलेली असतात, म्हणून पाणी आधी, असं ती मुलांना सांगत होती. मग म्हणाली, आपापल्या मेलेल्या माणसाचं आवडतं काहीतरी आणा. दुसऱ्या दिवशी मुलांनी काय काय आणलं! कुणी आजोबांचा टीव्हीचा रिमोट, कुणी मासेमारीच्या गळाचं तरंगतं बूच, कुणी अर्धा उरलेला कस्टर्ड क्रीम बिस्किटांचा पुडा. एका मुलीनं गोल्डफिशचं खाणं आणलं आणि घाबरत विचारलं, मासा चालेल का. लुपेनं पाण्याचा एक पेला पुढे ओढला आणि म्हणाली, हा त्याला.

पण तिनं मातीच्या कवट्याही करून घेतल्या होत्या, रंगीबेरंगी, कपाळावर नावं लिहिलेल्या. त्यावरून पालकांचे फोन आले. आमच्या हेडटीचर बाई भल्या होत्या, त्यांनी लुपेला बोलावून अगदी गोडीत विचारलं की हे सगळं जरा कमी मेलेलं करता येईल का. लुपेनं हा प्रश्न मला कितीदा तरी अभिनयासकट करून दाखवला असेल. पण तिनं वाद घातला नाही. वेदी उचलली आणि पुढच्या वर्षीपासून स्वतःच्या घरी मांडायला लागली. शनिवारी दुपारी ज्यांच्या पालकांची हरकत नसेल त्या मुलांनी तिच्याकडे जायचं. मी सोबतीला.

तिचं घर विद्यापीठाच्या मागच्या उतारावर, ओळीतल्या इतर विटांच्या घरांसारखंच. त्या दिवशी फुटपाथपासून पुढच्या खोलीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट असे. पोस्टमन ती न तुडवता लांब ढांगा टाकत यायचा. आत राळेसारखा धूर, खमंग चॉकलेट, ताज्या पावाचा वास. त्या पावावर कणकेची हाडं आडवीतिडवी चिकटवलेली असत आणि मुलं त्या हाडांवरूनच भांडत. दाराबाहेरच्या पायरीवर, थंडीत, आणखी एक पाण्याचा पेला असायचा, बशीनं झाकलेला. शेजारी पावाचा तुकडा आणि जॅमच्या बाटलीत एक मेणबत्ती. मुलांनी विचारलं की ती सांगे, ज्यांना कुणीच बोलवत नाही त्यांच्यासाठी. जगात अशी पुष्कळ असतात, रिकाम्या हातानं दुसऱ्यांच्या मागून चालत येतात, त्यांना निदान पाणी मिळावं. आणि लगेच दुसरं काहीतरी काढायची.

आमच्या घरी हे सगळं उलटं होतं. लहानपणी पितृपक्षात घरी श्राद्ध असलं की आम्हा मुलांना शेजारी पाठवत. ताटं, पिंड, गच्चीवर कावळ्याची वाट बघणारे काका, हे मी शेजारच्या खिडकीतून पाहिलेलं. मेलेली माणसं ही मोठ्यांची बाब. म्हणूनच असेल, लुपेच्या त्या खोलीत पहिल्यांदा मुलांबरोबर मांडी घालून बसले तेव्हा मला चोरून काहीतरी करत असल्यासारखं वाटलं.

वेदी तिच्या घरी गेली त्या पहिल्याच वर्षी सई आमच्या वर्गात होती. निखिल आणि मृणाल दोघंही डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात कामाला आलेले, मंडळाच्या गणपतीत भेटायचे. सई इथेच जन्मलेली. ती पाच वर्षांची असताना मृणाल कॅन्सरनं गेली. त्यानंतर निखिलनं घरातले तिचे सगळे फोटो उचलून ठेवले. मुलीला त्रास नको म्हणून. आम्हीही सगळे त्याच बेतानं वागत होतो. मृणालचा विषय निघाला की कुणीतरी सईला खाऊ द्यायचं.

लुपेनं मुलांना आवडीचं काय आणायचं ते सांगितलं तेव्हा सई सगळ्यांच्या मागे थांबली. नंतर माझ्या बाहीला धरून हळूच, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “वैशालीमावशी, माझा आईला काय आवडायचा? मला आठवत नाही.”

मी मृणालला पूजेच्या पंक्तीत ओळखत होते, नाश्त्याला नव्हे. लुपेला भाषा कळली नाही तरी प्रश्न कळला असावा. तिनं सईला जवळ घेतलं नाही, गालही कुरवाळले नाहीत. म्हणाली, हे एकाच माणसाला माहीत आहे. घरी जाऊन त्याला विचार.

त्या शनिवारी चार-साडेचारला अंधारायला लागलं तेव्हा निखिल आला. सईला न्यायला नव्हे, हे त्याच्या पावलांवरूनच समजलं. कोट न काढता तो पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला. वेदी, मेणबत्त्या, फोटोंच्या रांगा, जमिनीवर पाव खात बसलेली मुलं, सगळ्यावर त्याची नजर फिरली.

“ताई, हे तुम्हाला माहीत होतं?” तो मला मराठीत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. मग लुपेकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “तुमच्या परंपरेचा मला आदर आहे. पण माझी मुलगी सात वर्षांची आहे. आई येणार म्हणून ती दारात बसून राहील. मग मी काय करू?”

लुपे हात पुसत उठली. “ती आत्ताही बसते, डॉक्टर. शाळा सुटली की माझ्या वर्गाच्या दारात. तुम्ही येईपर्यंत, रोज.”

निखिलनं सईकडे पाहिलं.

“तिला वाटतं आईचं नाव काढलं तर तुम्ही आजारी पडता,” लुपे म्हणाली. “एकदा तिनं काढलं होतं. तुम्ही बाथरूममध्ये गेलात, तुम्हाला उलटी झाली. तिनं बाहेरून ऐकलं. तेव्हापासून ती तुम्हाला जपते.”

मी निखिलकडे बघू शकले नाही. सई पाव हातात धरून, न चावता, बापाकडे बघत होती. मग त्यानं कोट काढला, जिन्याच्या कठड्यावर टाकला आणि लुपेला विचारलं की टोस्टर कुठे आहे.

मृणालला जळका टोस्ट आवडायचा. काळा ठिक्कर, त्यावर लोणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नाइट शिफ्टहून आली की सिंकपाशी उभ्यानंच खायची. हे तो स्वयंपाकघरात टोस्टरसमोर उभा राहून सांगत होता, सईला, आणि सई त्याच्या पोटापाशी उभी राहून ऐकत होती. एकदा दांडा दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. इतक्यात जिन्यातला स्मोक अलार्म किंचाळायला लागला. कॉलिन टॉवेल घेऊन धावला, मुलं कानांवर हात ठेवून नाचायला लागली, आणि त्या कल्लोळात सई ओरडून विचारत होती, “आई पण अलार्म करायचा? आई पण?”

“दर वेळी,” निखिल म्हणाला. हसत होता की काय ते कळेना, तोंडावर हात होता. “शेजारची म्हातारी भिंत वाजवायची.”

तो टोस्ट वेदीवर ठेवला. ठेचा नव्हता, लुपेनं तिच्याकडची मिरची वाटून दिली. दुसऱ्या आठवड्यात निखिलच्या घरी दिवाणखान्यात मृणालचा फोटो लागला. हळदीकुंकवाचा नव्हे, पावसाळी ॲनोरॅक जाकिटातला, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले.

एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या घरात एक गोष्ट मला खटकायची. हॉलमध्ये भिंतीशी एक जुना फोन होता. मुलांनी घरभर धिंगाणा घातला तरी चाले, फोनला हात लावायचा नाही. तो वाजला की लुपे मातीच्या हातांनी पळायची. त्या काळी आपल्या सगळ्यांनाच असे फोन यायचे, उचलावा तर पलीकडे नुसती शांतता. मी ‘हॅलो हॅलो’ करून आपटायचे. लुपे ठेवायची नाही. एकदा मी स्वयंपाकघरात कप विसळत होते तेव्हा पाहिलं. ती डोळे मिटून भिंतीला टेकून उभी होती आणि स्पॅनिशमध्ये हळूहळू काहीतरी सांगत होती. गप्पा मारावं तसं. मधे थांबायची, ऐकायची, पुन्हा सांगायची. मी बाहेर आले तेव्हा तिनं फोन ठेवला. कुणाचा होता, मी विचारलं. “कुणाचा नाही,” म्हणाली आणि कप पुसायला लागली.

कॉलिननं मला ते समजावलं, पुढे कितीतरी महिन्यांनी. तो ब्रिस्टलला नोकरी लागून गेला होता. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार इकडे. मी सहज विचारलं की तुम्ही दोघंही तिकडे का नाही जात, तिथेही शाळा आहेत, मातीही आहे. तो म्हणाला, लुपे हे घर सोडणार नाही. तिच्या मुलाकडे याच घराचा नंबर आहे.

तिला मुलगा होता हे मला तेव्हा कळलं. तोमास. पहिल्या लग्नाचा. लुपे कॉलिनबरोबर इंग्लंडला आली तेव्हा तो यायला तयार नव्हता, त्याला उत्तरेला जायचं होतं, अमेरिकेत, गावातली सगळी पोरं जात तसं. एकोणीस वर्षांचा होता. सीमेच्या अलीकडच्या एका गावातून त्यानं फोन केला, म्हणाला उद्या निघतोय, पोहोचलो की करतो. मग काही नाही. कॉलिन दोनदा जाऊन आला होता, सरकारी कचेऱ्या, इस्पितळं, चर्च सगळं पालथं घातलं. बरोबरच्या पोरांपैकी एक सापडला, तो म्हणाला, वाळवंटात रात्री पांगलो, पुढचं माहीत नाही.

आणि त्या मुक्या फोनचं काय, मी विचारलं. कॉलिन म्हणाला, ती कॉल सेंटरची यंत्रं असतात, एकदम अनेक नंबर फिरवतात, जो आधी उचलेल त्याच्याशी बोलतात, बाकीच्यांना शांतता. त्यानं तिला हे सगळं समजावलं होतं. ती म्हणाली, मला माहीत आहे. बरेचसे यंत्राचेच असतील. पण जो नसेल तो मला कसा ओळखू येणार?

आता मला ‘हरवणं वेगळं असतं’ याचा अर्थ लागला. आणि वेदीवर तिच्या घराण्यातली सगळी असूनही मधल्या पायरीच्या कडेला थोडी जागा मोकळी का असते, त्याचाही. मी तिला काही बोलले नाही. कॉलिननं सांगितल्याचं तिला कळलं असावं, कारण त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस नीट बोलली नाही. मग एके दिवशी मातीचा गोळा मळता मळता, मान वर न करता म्हणाली, “फोटो ठेवला तर मीच त्याला मारला असं होईल, बैशाली.” मी हो म्हटलं. ती गोळा मळत राहिली. “आणि तो खरंच मेला असेल तर माझ्यामुळेच त्याला घर नाही.”

त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मेलेल्यांच्या सणाला मुलं जमतात हे ऐकूनच त्यांनी नाक मुरडलं, त्यात दसऱ्याचा झेंडू मढ्याला म्हटल्यावर बघायलाच नको. तरी घरात एकट्या कंटाळतील म्हणून मी त्यांना त्या शनिवारी बरोबर नेलं. लुपेनं त्यांना सगळ्यात चांगली खुर्ची दिली, शाल पांघरली, आणि त्यांच्या यजमानांचं नाव विचारून एक मेणबत्ती लावली. सासूबाई बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, ‘ऊदच हा. आपल्यासारखाच.’

सई आता आठ वर्षांची, या घरात सरावलेली. तिनं आपला जळका टोस्ट ठेवला आणि बाहेरून पायरीवरचं पाणी बघून आली.

“लुपे,” तिनं इंग्रजीत विचारलं, “बाहेरचा पेला तुझ्या ओळखीच्या कुणाचा आहे ना?”

खोलीत इतर मुलं होती, पाव होता, गडबड होती.

“कारण तू दर वेळी त्यातलं पाणी बदलतेस,” सई म्हणाली. “आतल्यांचं नाही बदलत. मग त्याला हाक का नाही मारत? त्याला नाव ऐकू आलं नाही तर कळणार कसं की हे त्याचंच घर?”

लुपे उठून स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. सई माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं तिनं काही वाईट विचारलं. मी म्हटलं, नाही गं, वाईट नाही.

सासूबाईंनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी मराठीत थोडक्यात सांगितलं. त्या ऐकून घेतात, मग उठतात, सावकाश भिंत धरत स्वयंपाकघरात जातात, हे मी बघत राहिले. आत गेल्यावर त्यांनी आधी नळ बंद केला. मग मला हाक मारली, म्हणाल्या, मी सांगते ते हिला इंग्रजीत सांग.

“सांग, आमच्यात अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आत काही करायचं नाही. मग पळसाच्या पानांचं माणूस करतात आणि त्याचे विधी करतात. आणि तिथी ठाऊक नाही म्हणून घाबरायचं नाही, सर्वपित्री अमावास्या असल्यांसाठीच असते.”

मी सांगितलं. लुपेनं सिंकच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या. तिनं एकच विचारलं, “आणि त्यानंतर तो परत आला तर?”

मी सासूबाईंना विचारलं. त्यांना त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. “मग त्याचं पुन्हा जातकर्म करायचं. बारसंही. नवा जन्मला म्हणून.”

मी ते इंग्रजीत सांगता सांगता लुपे हसायला लागली. आधी थोडी, मग खांदे हलवून, मग ते हसणं राहिलं नाही. सासूबाईंनी तिला आपल्या अंगाशी धरलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. सासूबाई ‘असू दे, असू दे’ म्हणत होत्या आणि लुपे त्यांच्या पातळात तोंड घालून स्पॅनिशमध्ये एकच नाव पुन्हापुन्हा घेत होती. त्या घरात ते नाव मोठ्यानं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बारा वर्षं केव्हा भरत होती ते मला माहीत नाही. मी हिशेब केला नाही, तिनं सांगितला नाही. सासूबाई परत गेल्या. त्यानंतर एक-दोन नोव्हेंबर असेच गेले, पायरीवर पाणी, आत मोकळी जागा. मग ज्या वर्षी सई प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत गेली, त्या वर्षी लुपेनं इतर मुलांना बोलावलं नाही. सई, निखिल, मी आणि कॉलिन. दुपारचं ऊन काचेतून तिरपं आत आलं होतं. तिनं कार्डिगनच्या आतून एक पाकीट काढलं, त्यातून फोटो. पासपोर्टसाठी काढतात तसला. कान जरा बाहेर आलेले, केसांना पाणी लावून भांग पाडलेला पोरगा, हसू दाबलेला. लुपेनं तो हातात धरला आणि तशीच उभी राहिली. पुढे जाईना, मागेही येईना. कॉलिन उठला तशी तिनं मानेनंच नको म्हटलं.

शेवटी सई गेली. काही न विचारता तिनं हात पुढे केला, लुपेनं फोटो सोडला. सईनं तो वेदीवरच्या मोकळ्या जागेत, निखिलनं आणलेल्या मृणालच्या फोटोच्या शेजारी टेकवून ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवरचा पेला दोन्ही हातांनी, न सांडता, आत आणला.

“तोमास,” लुपे म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, अंगणातून मुलाला जेवायला हाक मारावी तशी. उत्तर यावं तेवढा वेळ ती थांबली. आम्हीही थांबलो. निखिलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मग ती खाली बसली, म्हणाली त्याला चॉकलेट फार गोड लागतं, आणि पुढचा तासभर आम्हाला तोमासच्या खोड्या सांगितल्या. सगळ्या वर्तमानकाळात.

वसंतात तिनं लेस्टरचं घर सोडलं आणि ब्रिस्टलला नवऱ्याकडे गेली. फोनचा नंबर तिनंच बंद करून घेतला. कॉलिन म्हणाला, मी करायला तयार होतो, पण ती म्हणाली, हे माझं काम आहे. जाताना मातीची भांडी आम्हाला वाटली. मला पाण्याचा एक पेला आला. काही दिवस नाताळची कार्डं येत राहिली, मग निखिल आणि सई बर्मिंगहॅमकडे गेले, मी शाळा बदलली, आणि व्हायचं तेच झालं.

मी तिला शेवटची पाहिली ती ब्रिस्टलमध्येच. भाचीला विद्यापीठ दाखवायला गेले होते. सप्टेंबर संपत आलेला, नवी पोरं गावात उतरली होती. हार्बरच्या पुलावर मी उभी होते आणि पलीकडच्या काठाला बोटीच्या रांगेत लुपे होती. वेणी पांढरी झालेली, पण तेच खांदे, तसलंच सैल कार्डिगन. हातात भाजीची पिशवी. शेजारच्या बाईशी काहीतरी बोलून हसत होती. बरी दिसत होती. मी हात वर केला, पण मधे पाणी होतं आणि तिचं लक्ष नव्हतं.

रांगेच्या बाजूनं विद्यार्थ्यांचा एक घोळका गेला. त्यात मागे पडलेला एक पोरगा होता, पाठीवर सॅक, केस ओले, कान जरा पुढे आलेले. लुपे बोलता बोलता थांबली. पिशवी तिथेच ठेवून रांगेतून बाहेर आली आणि त्याच्या मागून चालायला लागली. घाईनं नाही, पण त्याला गाठेल इतक्या वेगानं. त्याच्या पुढे गेली, वळली आणि त्याच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. तो बाजूला झाला, काहीतरी सॉरी म्हणाला असेल, आणि मित्रांना गाठायला पळाला.

तोमास असता तर आता पस्तिशीकडे आला असता. ती अजून एकोणीस वर्षांच्या मुलांकडे बघत होती.

ती परत आली. शेजारच्या बाईनं तिची पिशवी उचलून धरली होती, जागा राखून ठेवली होती. लुपेनं पिशवी घेतली, वेणी सारखी केली. बोट लागली, आणि ती सगळ्यांच्या बरोबरीनं पुढे सरकली.